काळ्या खोलीतले सात दिवे

आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला एक खोली आहे. तिला सगळे काळी खोली म्हणतात. भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे काळ्या फोमचे टोकदार सुळके चिकटवलेले आहेत. बिनतारी लहरी त्यात शिरतात आणि परत येत नाहीत. खिडकी फोमखाली गेली आहे. पंखा लावता येत नाही, कारण लहरींच्या दृष्टीने फिरतं पातं म्हणजे फिरता आरसा. ऑक्टोबर महिन्यात तिथे थोडा वेळ उभं राहिलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो.

फोम मी वागळे इस्टेटमधून टेम्पोत घालून आणला होता आणि एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी शिडीवर उभं राहून चिकटवला होता. गेल्या वर्षी ही खोली माझ्या हातून जाणार होती.

संस्थेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा अभ्यासक्रम मंजूर झाला होता. मुलं येणार, संगणक येणार, त्यांना जागा हवी. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि आडवळण न घेता सांगितलं, "दसऱ्याची सुट्टी संपली की त्याच आठवड्यात अध्यक्ष येतायत. सोबत ठाण्याच्या एक तज्ज्ञ बाई आहेत. त्यांच्यासमोर तुमचं यंत्र नीट चाललं तर खोली तुमच्याकडे राहील. नाही चाललं तर फोम काढून घ्या."

"एकदा काढलेला फोम परत लागत नाही, सर. फाटतो."

"म्हणून तर आधी सांगतोय, मॅडम."

माझी पीएचडी त्या खोलीत अडकलेली होती. अर्धी मोजमापं झाली होती, अर्धी व्हायची होती. अशा खोल्या मोठ्या संस्थांमध्ये असतात, पण तिथे बाहेरच्या माणसाला वर्षभर थांबावं लागतं, आणि माझ्या नोंदणीचं तेवढं आयुष्य उरलेलं नव्हतं. खोली गेली की काम संपलं, इतकं ते साधं होतं.

यंत्र दिसायला अगदीच मामुली आहे. फरशीच्या लादीएवढ्या काही प्लेटा, एकीमागे एक उभ्या, मधे करंगळी जाईल एवढी फट. प्रत्येक प्लेटवर तांब्याचे बारीक चौकोन छापलेले, प्रत्येक चौकोन थोडा वेगळा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडून त्या छापून घेतल्या ते म्हणाले होते, "मॅडम, हे सर्किट आहे की ठिपक्यांची रांगोळी?" समोरून लहर येते, या प्लेटांमधून आरपार जाते. प्रत्येक चौकोन तिला किंचित अडवतो, कुठे कमी, कुठे जास्त. पलीकडे पोचेपर्यंत तिचं वळण असं बदलतं की सात छोट्या रिसीव्हरपैकी एकावरच ती गोळा होते आणि त्याचा दिवा लागतो. कुठला दिवा लागला यावरून लहर कुठल्या बाजूने आली ते कळतं. एरवी हे काम करायला आलेल्या लहरीचे आधी आकडे करावे लागतात, मग संगणक त्या आकड्यांशी झटतो. त्यात वेळ जातो, वीज जाते. इथे आकडे होण्याआधीच उत्तर तयार असतं. चौकोन कुठे किती मोठा हवा ते मी संगणकावर कितीतरी आठवडे बसून काढलं होतं, ते खरं. पण एकदा छापल्यावर संगणकाचं काम संपलं.

माझ्या नवऱ्याचं डोंबिवली पूर्वेला चष्म्याचं दुकान आहे. मी त्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चष्माच की गं. त्याला तरी कुठे बॅटरी असते? अक्षर आपोआप जागेवर बसतं."

"हो. फक्त माझ्या चष्म्याला नंबर मी ठरवलाय."

"मग ती खोली काढून घेतली तर घरी आण. फ्रिजवर ठेवू."

फ्रिजच्या पत्र्यावरून लहर कशी उसळेल ते समजावत बसायला तेव्हा वेळ नव्हता.

सुट्टीच्या आधी यंत्र चोख चालत होतं. जमिनीवर अर्धवर्तुळात चिकटपट्टीच्या सात खुणा केल्या होत्या. लहर सोडणारं उपकरण ट्रॉलीवर ठेवून ट्रॉली एकेका खुणेवर न्यायची. पहिल्या खुणेला पहिला दिवा, दुसऱ्या खुणेला दुसरा. सातही बरोबर. कॉलेजमध्ये दसऱ्याची यंत्रपूजा असते ती सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि त्याच दिवशी मला ठाण्याला परीक्षेच्या कामावर जायचं होतं. काळ्या खोलीची किल्ली ऑफिसात देऊन मी गेले.

सुट्टीनंतर खोली उघडली तेव्हा प्लेटांच्या चौकटीवर झेंडूचा हार होता. चौकटीला हळदकुंकवाची बोटं लावली होती. ट्रॉलीवर फूल, उंबऱ्यावर अक्षता. मी हार काढला, कुंकू स्पिरिटने पुसलं, जमीन झाडून घेतली आणि यंत्र सुरू केलं.

पहिल्या खुणेला दुसरा दिवा लागला. तिसऱ्या खुणेला तिसरा आणि पाचवा दोन्ही लागले. सहाव्या खुणेला एकही नाही.

मी ट्रॉली परत पहिल्या खुणेवर आणली. तसंच. यंत्र बंद करून चालू केलं. तसंच. बिघाड असला की आधी स्वस्तातल्या शंका फेडून घ्यायच्या, ही माझी सवय. वायर बदलली. जोडण्या काढून परत बसवल्या. लहर सोडणारं उपकरण तापलं की थोडं भरकटतं, म्हणून ते सकाळपासून दुपारपर्यंत चालू ठेवून पाहिलं. दिव्यांमध्ये काही फरक नाही. म्हणजे दोष उपकरणात नव्हता. रिसीव्हर एकेक करून तपासले, सगळे धड होते. राहिल्या प्लेटा. वरून डोकावलं तर फटींमध्ये नुसता अंधार दिसत होता, आणि प्लेटांना हात लावायची माझी तयारी नव्हती. त्या नायलॉनच्या बोल्टांवर बसवलेल्या होत्या आणि एकदा सैल केल्या की फटी परत सारख्या करायला दोन-तीन दिवस लागले असते. तेवढे दिवस माझ्याकडे नव्हते. अध्यक्ष येणार होते परवा.

डोक्यात दुसरंही चालू होतं. ही खोली ज्यांना मिळणार होती ते संगणक विभागाचे सर माझ्याच मजल्यावर बसतात. वयाने माझ्याहून बरेच लहान, कोकणातले, बोलायला गोड. पावसाळ्यात ते दोनदा मोजपट्टी घेऊन काळ्या खोलीत आले होते. "नुसतं बघतोय हं मॅडम," असं म्हणत त्यांनी बाकं कशी बसतील ते कागदावर काढूनही पाहिलं होतं. आणि कॉलेजमधली पूजा दरवर्षी तेच करतात. त्या दिवशी माझी किल्ली त्यांच्याकडेच होती, हे मी ऑफिसात विचारून घेतलं.

संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना पत्री पुलावर वाहतूक तुंबली होती. मी हेल्मेटच्या आत तेच तेच घोळवत उभी होते. कुणी प्लेटा हलवल्या असत्या तर बोल्टांवरच्या माझ्या खुणा सरकल्या असत्या. त्या सरकलेल्या नव्हत्या. मग काय केलं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीही न बदलता यंत्र सुरू केलं. पहिल्या खुणेला आता पहिला दिवा लागत होता, मंद. तिसऱ्या खुणेचा पाचवा दिवा अजून होता, पण विझल्यासारखा. सहाव्या खुणेला सहावा मिणमिणत होता.

मी काहीच केलं नव्हतं आणि बिघाड कमी झाला होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. जो दोष आपोआप जातो तो आपोआप परतही येतो. उद्या अध्यक्षांसमोर तो कुठल्या रूपात उभा राहील, मला सांगता आलं नसतं. दुपारी पुन्हा पाहिलं, आणखी थोडा कमी. बंद खोलीत, उकाड्यात, माणूस आत नसताना काय कमी होत जातं? उष्णतेची शंका मी आदल्या दिवशीच फेडली होती. उरली ओल. आत काहीतरी ओलं होतं आणि ते सुकत होतं.

ओल कुठून आली? पूजेतून. तांब्यातलं पाणी शिंपडलं असणार, असं धरून मी तडक कँटीनमध्ये गेले. सर वडापाव खात बसले होते.

"सर, पूजेला माझ्या खोलीत कोण होतं?"

"मीच. का हो मॅडम? हार आवडला नाही का? चाळीस मिनिटं भाव करून घेतलेत ते हार, कल्याणच्या मार्केटात."

"पाणी शिंपडलंत?"

"छे! इलेक्ट्रॉनिक्सवर पाणी? एवढा पण बावळट नाही मी."

"मग काय केलंत ते सगळं सांगा."

"सगळ्या लॅबना केलं तेच. हळदकुंकू, फूल, हार, उदबत्ती. आणि सोनं दिलं."

"कुठे?"

"म्हणजे?"

"आपट्याची पानं कुठे ठेवलीत?"

त्यांनी वडापाव खाली ठेवला. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. "माझ्या लॅबमध्ये प्रत्येक सीपीयूवर एकेक ठेवलं. तुमच्या यंत्रावर सपाट जागाच नाही हो. ठेवलं की पडायचं. मग फटीत सरकवलं."

"कुठल्या फटीत?"

"सगळ्याच. एकीला द्यायचं, दुसरीला नाही, बरं दिसतं का?"

मी मनातल्या मनात फटी मोजल्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते घाईघाईने म्हणाले, "पण पानाने काय होतंय, मॅडम? माझे सगळे कॉम्प्युटर चालतायत. एक पण हँग नाही."

"तुमचा कॉम्प्युटर डब्यात बसून हिशेब करतो. त्याच्या डोक्यावर नारळ फोडलात तरी त्याला कळणार नाही. माझा हिशेब उघड्यावर, प्लेटांमधल्या हवेत होतो. वाटेत जे येईल ते त्यात धरलं जातं."

"पान पण?"

"हिरवं पान म्हणजे पाणीच. लहर त्यात अडखळते."

ते उठले. "चला. काढू या."

माझ्या मनात शंका होतीच की हा माणूस मुद्दाम भोळा बनतोय. पण काळ्या खोलीत त्यांनी चप्पल काढली, जमिनीवर आडवे झाले आणि मोबाइलचा उजेड खालून फटींमध्ये धरला. शर्ट काळा होईल याची पर्वा केली नाही. चिमटा धातूचा, तो तांब्याला ओरखडा काढेल म्हणून वापरता येईना. शेवटी पूजेच्या पुड्यात उरलेल्या उदबत्त्या त्यांनीच आणल्या. मसाला खरवडून काड्या केल्या आणि दोन काड्यांच्या चिमट्यात धरून मी एकेक पान ओढायला लागले. पानं अर्धवट सुकली होती. कडा कडक, मधे अजून ओलसर. काही सरळ आली, काही मोडत तुकड्यांनी आली.

"मॅडम, डावीकडे, डावीकडे. तुमची डावी. अहो, माझी नाही, तुमची!"

"सर, उजेड हलवू नका."

"हात भरून आलाय हो."

"खोली हवी होती ना? मग सवय करा इथली."

ते जमिनीवरूनच हसले. मी हसले नाही.

सगळ्या फटी रिकाम्या दिसल्यावर यंत्र सुरू केलं. सातही दिवे बरोबर. फक्त सहावा थोडा मंद होता. मी परत उजेड टाकून पाहिलं, काही दिसलं नाही. बाहेर अंधार पडायला आला होता. डोळे दुखत होते. उद्या सकाळी सुकून तोही नीट होईल, असं म्हणून मी कुलूप लावलं.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. कल्याणच्या घाऊक बाजारात त्यांची धान्याची पेढी आहे आणि नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नाही. ठाण्याच्या तज्ज्ञ बाई निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, फार न बोलणाऱ्या. खाली ऑफिसात शाल-श्रीफळ झालं. ते वर आणू नका, एवढं मी प्राचार्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. संगणकाचे सर सगळ्यांच्या मागे दाराशी उभे राहिले.

अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. "कॉम्प्युटर कुठाय?"

"नाही, साहेब. यात कॉम्प्युटर नाही."

"मग हिशेब कोण करतं?"

"लहर जाता जाता होतो. तुमच्या चष्म्याच्या काचेसारखं."

त्यांनी चष्मा काढून काचेकडे पाहिलं आणि परत घातला. पटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "ट्रॉली मी ढकलते. तुम्ही बाजूला उभ्या राहा."

पहिली खूण, पहिला दिवा. दुसरी, दुसरा. त्यांनी क्रम सोडून एकदम सातव्यावर नेली, सातवा लागला. मग चौथी, तिसरी, पाचवी. मी श्वास मोकळा करणार तेवढ्यात ट्रॉली सहाव्या खुणेवर गेली.

सहावा लागला. आणि चौथाही.

"दोन?" बाई म्हणाल्या.

प्राचार्य भिंतीवरच्या फोमकडे बघायला लागले. दारातून सरांचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा, पण त्या खोलीत आवाजही भिंतीत जिरतात आणि उरतो तो स्वच्छ ऐकू येतो. "मॅडम, एखादं राहिलं का?"

अध्यक्ष वळले. "काय राहिलं?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. "आत आपट्याचं पान अडकलंय, साहेब. पूजेतलं. त्यामुळे लहर फाटतेय."

"मॅडम!" प्राचार्य म्हणाले.

"सबब छान आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा हलला नाही. "दाखवा."

पान सापडलं नाही तर संपलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. सबब सांगणारी बाई म्हणून माझं नाव झालं असतं आणि दुपारी फोम उतरवायला माणसं आली असती. मी उदबत्तीच्या काड्या उचलल्या. तळव्यांना घाम आला होता, काड्या फिरत होत्या. पदराला हात पुसले. उगाच सगळ्या फटी उपसत बसले असते तर नक्की एखादी प्लेट हलली असती. म्हणून आधी थांबून विचार केला. बाकीच्या सहा खुणा ठीक होत्या. म्हणजे तुकडा लहान होता आणि अशा ठिकाणी होता जिथून फक्त सहाव्या बाजूची लहर जाते. ती लहर जसजशी पुढे जाते तशी एका कडेला दाटत जाते. म्हणजे मागच्या फटींपैकी एक, आणि कडेजवळ.

"सर, उजेड. पलीकडून."

सर पुढे आले, पुन्हा जमिनीवर आडवे झाले. अध्यक्ष त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटच्या फटीत काही नव्हतं. तिच्या अलीकडच्या फटीत खालच्या बोल्टामागे उजेड एका जागी अडत होता. बोल्टाच्या सावलीत सावली, म्हणून आदल्या संध्याकाळी दिसलं नसावं. मी काडी सरकवली. निसटलं. परत सरकवली. तिसऱ्यांदा ते बोल्टापासून सुटलं आणि दोन काड्यांमध्ये बाहेर आलं. आपट्याचं पान जोडपान असतं. त्यातला हा अर्धा भाग होता, मधोमध फाटलेला, रात्रीत सुकताना वळून सरकलेला, देठाकडे अजून हिरवा.

चौथा दिवा विझला होता. सहावा एकटाच, चांगला ठसठशीत पेटला होता.

बाई जवळ आल्या. "परत ठेवा आत."

"परत?"

"होतं तिथेच."

मी ठेवलं. चौथा लागला. "काढा." विझला. मग त्यांनी काड्या माझ्या हातातून घेतल्या आणि स्वतः पान आत-बाहेर करायला लागल्या. आत, दोन दिवे. बाहेर, एक. थोडं सरकवून आत, चौथ्याच्या ऐवजी तिसरा. त्यांनी असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. प्राचार्यांनी रुमाल काढून मान पुसली.

अध्यक्ष वाकून दिव्यांकडे बघत होते. "खरं सांगू का," ते म्हणाले, "मघाशी सगळे दिवे बरोबर लागले ना, तेव्हा मला वाटलं मागून कोणीतरी बटणं दाबतंय. आमच्याकडे काटा मारतात तसं. पण पानाने फरक पडतोय म्हणजे आत काहीतरी होतंय खरं."

"तेच होतंय," बाई म्हणाल्या. "आणि त्यांनी कुठे बघायचं ते ओळखून काढलं. ही खोली मोडू नका."

बस, एवढंच. खाली चहाच्या वेळी अध्यक्षांनी संगणकांसाठी तळमजल्यावरचा ड्रॉइंग हॉल दिला. प्राचार्य जिन्यात मला म्हणाले, "पूजेचं पान बाहेरच्या माणसांसमोर बाहेर काढायला नको होतं, मॅडम." मी म्हटलं, "आत राहायला नको होतं, सर." त्यावर ते पुढे निघून गेले.

माझी उरलेली मोजमापं त्याच खोलीत पुरी झाली. आपट्याच्या पानांवर मी प्रबंधात एक वेगळा भागही लिहिला. किती ओल असली की लहर किती सरकते, याचा. सरांचा ड्रॉइंग हॉल पश्चिमेच्या उन्हात येतो आणि ते येता-जाता मला ऐकवतात, "मॅडम, तुमच्या फटींपायी आम्ही भाजतोय."

या वर्षी पूजेच्या दिवशी मी ठाण्याचं काम घेतलं नाही. सर तबक घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले तेव्हा मी दारात उभी होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"हार?"

"दाराला."

"कुंकू?"

"दाराला."

"आणि सोनं?"

मी हात पुढे केला. त्यांनी तळहातावर पान ठेवलं, मी ते पर्समध्ये टाकलं आणि खोलीला कुलूप लावलं.